मॅक जरूर घ्या, पण आधी मजकूर सोडवा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. शाळांतले, झेरॉक्सच्या दुकानांतले, मशीद कमिटीच्या कपाटाशेजारचे कितीतरी संगणक एका दिवसात 'जुने' ठरले. त्यातल्या बऱ्याच यंत्रांवर विंडोज ११ चढत नाही, कारण त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय यंत्रात असावी लागते. तेव्हापासून शिक्षकांच्या खोलीत, लग्नाच्या दावतीत, चार शिकलेली माणसं बसतील तिथे एकच सल्ला ऐकू येतो: "सर, सोडा ते विंडोज. मॅक घ्या. व्हायरस नाही, हँग नाही, कटकटच नाही."

ह्या सल्ल्याला माझा विरोध आहे. मॅक वाईट आहे म्हणून नाही. चारठाण्यात बसून गेलं वर्षभर मी स्वतः मॅकवरच लिहितो आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याने नवा घेतला आणि जुना मला दिला. बॅटरी बराच वेळ टिकते, आणि वीज कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या गावात ही लहान गोष्ट नाही. कंट्रोलच्या जागी कमांड दाबायची सवय आठवडाभरात लागते. देवनागरी आणि उर्दू दोन्हीचे कळफलक त्यात आधीपासून असतात. तेव्हा ही कोल्ह्याला द्राक्षं आंबट अशातली तक्रार नव्हे.

माझा विरोध आहे तो एका समजुतीला: यंत्र बदललं की प्रश्न सुटतो. आपला प्रश्न यंत्राचा नाहीच. आपला प्रश्न आहे, ह्या घरातून त्या घरात जाताना आपलं सामान दारातून बाहेर निघतं का? इंग्रजीत काम करणाऱ्याचं निघतं. त्याची फाइल इकडे उघडते तशी तिकडेही उघडते. आपण मराठी आणि उर्दू, दोन लिप्यांमध्ये जगणारी माणसं. आपलं सामान गेली तीस वर्षं दोन निरनिराळ्या कुलपांत अडकलं आहे, आणि त्या कुलपांबद्दल कोणीच बोलत नाही.

पहिलं कुलूप मराठीचं. कृतिदेव आणि त्या जातीचे जे फॉन्ट आपण वर्षानुवर्षं वापरले, त्यांत मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षर असतं, फॉन्ट फक्त त्यावर मराठी मुखवटा चढवतो. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द टंकला, तर आत साठतं ते ई, जे, के, बी, एच. फॉन्ट आहे तोवर 'मराठी' दिसतं, फॉन्ट काढला की ही पाच इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. कोणी म्हणेल, मॅकवर तोच फॉन्ट टाका. टाका की. दिसेल. पण शोध घ्या, सापडणार नाही. भाषांतराला द्या, होणार नाही. आणि डोळ्यांनी न दिसणाऱ्या मुलासाठी पडदा वाचून दाखवणारी सोय सुरू करा, ती त्याला मराठी धडा नव्हे, इंग्रजी अक्षरांचा गोंगाट ऐकवेल. जो मजकूर अंध मुलाला ऐकता येत नाही, तो मजकूर नव्हे, मजकुराचं चित्र आहे.

दुसरं कुलूप उर्दूचं, आणि ते जास्त मजबूत आहे, कारण त्यावर आपलं प्रेम आहे. नस्तालीक तिरकी उतरते, अक्षर शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलतं, म्हणून ती यंत्राला फार काळ जमली नाही. उर्दू वर्तमानपत्रं कातिबांच्या हाताने लिहिली जात. मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीबरोबर काम करून हजारो जोडाकृतींची नूरी नस्तालीक तयार केली आणि १९८१ मध्ये लाहोरच्या 'जंग'ने ती वापरली. १९९४ मध्ये दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअरने इनपेज आणलं, आणि परभणीपासून कराचीपर्यंत उर्दू छपाईचं चित्र पालटलं. हे उपकार नाकारणारा मी नाही. इनपेज नसतं तर गावोगावची उर्दू स्मरणिका, शाळेचं वार्षिक, लग्नाचा रुक्का छापायला कातिब कुठून आणला असता?

पण उपकार वेगळे आणि गुलामी वेगळी. इनपेज विंडोजवर चालतं. त्याच्या जुन्या फाइलींची साठवणूक त्याची स्वतःची आहे. ती फाइल मॅकला दिली तर मॅक ती ओळखत नाही, फोनला दिली तर फोन ओळखत नाही. म्हणजे आपण मॅक घेतो आणि तीस वर्षांची उर्दू विंडोजच्या उंबऱ्याआड ठेवून येतो. ह्यावर हुशार लोकांचा तोडगा तयार असतो: "मॅकच्या आत विंडोज बसवा, त्यात इनपेज चालवा." वा! घर सोडलं, नव्या घराचं भाडं भरलं, आणि जुन्या घराची एक खोलीही भाड्याने ठेवली. लाखाच्या घरातलं यंत्र घेऊन हेच करायचं असेल, तर जुनं यंत्र काय वाईट होतं?

आता नेहमीचे आक्षेप.

"इनपेजशिवाय नस्तालीक शोभत नाही." एकेकाळी हे खरं होतं. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टचा नस्तालीक फॉन्ट आला. गुगलने नोटो नस्तालीक फुकट दिला. ॲपलच्या फोनवर उर्दू आधी नस्ख वळणात दिसायची. उर्दू लिहिणाऱ्यांनी जाहीरपणे मागणी लावून धरली, आणि २०१७ मध्ये आयओएस ११ बरोबर नस्तालीक आली. नूरीची सर ह्या फॉन्टना नाही, असं कातिबाची नजर असलेले म्हणतील, आणि त्यांचं मी ऐकेन. पण सौंदर्य छपाईच्या दिवशी चढवता येतं. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर आज हा फॉन्ट लावा, उद्या तो. दागिना आणि देह यांतला फरक आपल्याला कळायला हवा.

"प्रेसवाला तीच फाइल मागतो." प्रेसवाला गिऱ्हाईक मागेल ते देतो. आपण कधी मागितलंच नाही. छपाईचे पैसे देताना कागद किती जीएसएम, कव्हर चकचकीत की मॅट, यावर अर्धा तास घासाघीस करतो. "भाई, युनिकोडची फाइलही द्या", हे एक वाक्य बोलत नाही.

"आमच्याकडे पीडीएफ आहे ना." असायलाच हवी. पण अशा फॉन्टची पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटो. वाचता येते, पण तिच्यातून मजकूर धड उचलता येत नाही, की शोधता येत नाही.

आता कोणी विचारेल, एका खेड्यातल्या शिक्षकाला ह्याची एवढी आग का? कारण आम्ही मराठवाड्यातले आहोत, आणि जुन्या कागदाची किंमत आम्हाला ठाऊक आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि दफ्तर उर्दूत चालायचं. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींसाठी निजामकालीन कागद तपासायला घेतले, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. कोणत्या मागणीच्या बाजूने कोण, हा इथे विषय नाही. मुद्दा एवढाच, की शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाने लिहिलेला कागद आज वाचता आला. त्याला वीज लागली नाही, परवाना लागला नाही. लिपी येणारा एक माणूस पुरला. आणि आपण १९९९ मध्ये टंकलेली फाइल? ती वाचायला लिपी येऊन भागत नाही. ते यंत्र, तो प्रोग्राम, तो फॉन्ट, सगळं जिवंत लागतं.

चारठाण्याची जुनी मंदिरं आणि बारव बघायला दुरून लोक येतात, दगडावरचं काम बघून थक्क होतात. दगडाने शतकं काढली. आपली फ्लॉपी दहा वर्षं टिकली नाही.

१९९० मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. मराठी ही आमचीही भाषा आहे, हे तिथे ठणकावून सांगितलं गेलं. त्यानंतरच्या स्मरणिका, अनियतकालिकं, कवितासंग्रह, छोट्या गावांतल्या लेखकांनी पदरमोड करून काढलेली पुस्तकं कोणत्या फॉन्टमध्ये, कोणाच्या कपाटातल्या कोणत्या सीडीवर आहेत? आज एखादा मुलगा फोनवर 'मराठी मुसलमान' असं शोधतो, तेव्हा त्याच्यासमोर काय येतं? जे युनिकोडमध्ये आहे तेवढंच. म्हणजे आपल्याबद्दल इतरांनी लिहिलेलं समोर येतं आणि आपण स्वतः लिहिलेलं कुलपात राहतं. आता प्रश्नांची उत्तरं देणारी नवी यंत्रंही तेच वाचून तयार होतात. मग "आमची बाजू कोणी मांडत नाही" असं रडत बसायचं. अरे, मांडली होती! आपणच ती ई-जे-के-बी-एच करून ठेवली.

आणि साधनं नव्हती, ही सबबही चालणार नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, त्यात देवनागरीही होती आणि अरबी लिपीही. विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट आला. तो घडवणारे र. कृ. जोशी हे मराठीतलेच कवी आणि सुलेखनकार. म्हणजे दार पंचवीस वर्षं उघडं आहे. आत जायचा कंटाळा आपला.

म्हणून मॅक घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे, क्रम बदला. आधी मजकूर, मग यंत्र. जुना विंडोज संगणक भंगारात देऊ नका. इंटरनेट तोडा, पण तो चालू ठेवा, कारण कुलपाची किल्ली त्यातच आहे. इनपेजच्या नव्या आवृत्तीतून उर्दू मजकूर युनिकोडमध्ये काढता येतो. कृतिदेवसाठी फुकट परिवर्तक मिळतात. मग बसून तपासा, कारण यंत्र चुकतं: मराठीत रफार भलत्या अक्षरावर जातो, 'दुसऱ्या'तला ऱ्य मोडतो. उर्दूत अरबी काफ आणि उर्दू काफ, अरबी ये आणि उर्दू ये यांची गल्लत होते. दिसायला बहुतेक सारखेच, पण संगणकाला वेगळे, त्यामुळे शोधात शब्द सापडत नाही. हे काम दहावीची मुलं उत्तम करतात, आणि त्यात त्यांचं शुद्धलेखनही सुधारतं. तयार मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा, दोन ठिकाणी ठेवा.

शाळा, मदरसे, मशीद कमिट्या, ग्रंथालयं यांनी एक ठराव करावा: यापुढे युनिकोड फाइल हातात आल्याशिवाय प्रेसचं बिल द्यायचं नाही. आणि सरकारी पैशातून छापलेलं प्रत्येक उर्दू-मराठी पुस्तक युनिकोडमध्येही मिळालं पाहिजे, ही मागणी आपण निवेदनांत लिहिली पाहिजे. निवेदनं आपण खूप देतो, त्यात हा एक कलम वाढवायला काय जातं?

लिहिलेला शब्द ही पुढच्या पिढीची अमानत आहे. अमानत कोणत्या पेटीत ठेवली, पेटी विंडोजची की सफरचंदाची, हा हिशेब दुय्यम आहे. ज्याची आहे त्याला ती उघडता आली पाहिजे.