आहेराचें पुस्तक

गेल्या पौषांत आमच्या घरीं एक पाहुणी आठ दिवस राहून गेली. वीस-बावीस वर्षांपूर्वीं ती आमच्यापाशीं संस्कृत शिकली. आतां पुण्यास असते व कादंबऱ्या लिहिते. तिच्या नव्या कादंबरींतलें घर याच खटाव तालुक्यांतलें, आणि काळ १९३८ चा. येरळेचें कोरडें वाळवंट, औंधच्या यमाईचा डोंगर, हें सारें तिनें आधींच पाहून ठेविलें होतें. अडलें होतें तें निराळ्याच जागीं. पहिल्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर ती म्हणाली, “गुरुजी, पात्रांना बोलतें करायला मला कोणी लागत नाहीं. पण सासरीं निघालेल्या मुलीबरोबर आईनें काय बांधून दिलें, हें ठाऊक नसलें कीं माझें पान पुढें सरकत नाहीं.”

प्रश्न ऐकून आम्हांस मोठें समाधान वाटलें. आमच्या बहुतेक कादंबरीकारांची पंगत ‘पंचपक्वान्नें’ या एका शब्दांत उठते. आम्ही लागलींच आमचें पांडित्य पाजळूं लागलों. बाराव्या शतकांत कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्यानें ‘मानसोल्लासां’त अन्नभोगाचें प्रकरण घातलें आहे, सतराव्या शतकांत रघुनाथ नवहस्तांनीं ‘भोजनकुतूहल’ रचिलें, इत्यादि. आमच्या कुटुंबानें स्वयंपाकघरांतूनच विचारिलें, “त्यांत खटावची बाजरी आहे का?” तेथें आमचें व्याख्यान संपलें व आठवड्याचीं सूत्रें त्यांच्या हातीं गेलीं.

तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, मटकीची उसळ, हुलग्याचें माडगें असा क्रम सुरू झाला. माडगें पाहून पाहुणीनें प्रथम जरा नाक मुरडलें, दुसऱ्या दिवशीं मात्र वाटी पुढें केली. आमच्या भागाला पावसानें नेहमींच हात आखडता घेतला. सह्याद्रीवर तो सांडतो आणि खटाव-माणांत येईपर्यंत रिता होतो. म्हणून थोड्या पाण्यावर येणारीं धान्यें हींच येथलीं खरीं अन्नें. हस्तलिखितांत मात्र रोज दोन्ही वेळां आंबेमोहोराचा भात होता. “हें घर कोंकणांत न्या, नाहीं तर भात काढा,” असा निकाल कुटुंबानें दिला. माणदेशाविषयीं लिहूं पाहणाऱ्यास व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) वाटेंत येतेच. तिच्यानंतर या मातींत भाताचे ढीग रचणें धाडसाचेंच.

याहून मोठी चूक तिसऱ्या दिवशीं सांपडली. नवऱ्या मुलीच्या ट्रंकेंत लेखिकेनें ‘रुचिरा’ ठेविली होती! कमलाबाई ओगल्यांचें हें पुस्तक १९७० चें. मूळच्या कुंडलच्या व सांगलीस सासर असलेल्या या बाईंनीं वाटी-चमच्याचीं मापें देऊन अंदाजाची भीति घालविली, आणि मग हजारों मुलींच्या आहेरांत तें पुस्तक गेलें. पण १९३८ सालीं तें कोठून यावें? छापील पुस्तकच हवें तर लक्ष्मीबाई धुरंधरांचें ‘गृहिणीमित्र’ १९१० पासून होतें, आणि त्याच्याही आधीं रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्यें निघालें होतें. आमच्या कुटुंबास हीं दोन्ही पटलीं नाहींत. त्यांच्या मतें वडुजाकडील त्या काळच्या आईनें पुस्तक दिलेंच नसतें. मेतकुटाचा डबा, भाजणी, सांडगे, कुरडया आणि हळदीची पुरचुंडी दिली असती. लेखिकेनें ट्रंक पुन्हां भरली.

हळदीवरून गोष्ट देण्याघेण्याकडे वळली. परत जातांना चार घरीं काय न्यावें, असें तिनें विचारिलें. सातारचे कंदी पेढे सर्वांस ठाऊकच आहेत. खवा चांगला परतलेला असल्यानें ते प्रवासाला टिकतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० सालीं भौगोलिक मानांकन मिळालें खरें, परंतु एस. टी.च्या धक्क्यांना तें मानांकन माहीत नसतें. पुण्यास पोहोंचेपर्यंत पिशवींत सरबत होतें. आमची शिफारस सांगलीच्या हळदीची व बेदाण्यांची. दोहोंनाही तसें मानांकन आहे; बेदाण्यांस २०१६ सालीं, हळदीस २०१८ सालीं. सांगलीजवळ हरिपुरास ही हळद जमिनींतल्या पेवांत साठवीत. २००५ च्या महापुरानें त्या पेवांची मोठी हानि केली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हल्लीं प्लॅस्टिकच्या डब्या लुटतात, आणि त्याच डब्या पुढच्या वर्षीं दुसऱ्या घरून परत येतात. त्यांऐवजीं छटाकभर हळद, मूठभर बेदाणे किंवा कोरेगांवचा वाघ्या घेवडा कागदाच्या पुडींत बांधून वाण द्यावें, असें आम्ही सुचविलें. वाचकभगिनींनीं विचार करावा; खर्च डबीहून फारसा अधिक नाहीं.

याच सुमारास आमच्या घरांतील एक जुनें दुखणें वर आलें. धाकट्या कन्येचें लग्न फाल्गुनांत ठरलें आहे. आपली ‘रुचिरा’ तिला द्यावी, असें कुटुंबाच्या मनांत दिवाळीपासून होतें. ही प्रत त्यांना स्वतःच्या लग्नांत मिळालेली; बांधणी सुटलेली, पानोपान तेलाचे व हळदीचे डाग. कन्या सहज म्हणून गेली, “आई, आतां सगळें मोबाईलवर असतें.” तिचा हेतु वाईट नव्हता. पण त्या दिवसापासून पुस्तक फळीवरून खालीं आलें नाहीं, आणि आहेराचा विषय निघाला कीं कुटुंब उठून जात.

पांचव्या दिवशीं दुपारीं पाहुणीनें तें मागून घेतलें व संध्याकाळपर्यंत वाचीत बसली. छापील मजकूर नव्हे. समासांतल्या पेन्सिलीच्या नोंदी. ‘मामंजींना दांत नाहींत, जास्त भिजवणें.’ ‘यांना आवडलें नाहीं, पण खाल्लें.’ ‘दुष्काळ, तेल निम्में.’ एका पानावर केवळ तारीख होती. ती आमच्या मातोश्री गेल्या त्या दिवसाची. तें पान गव्हल्यांच्या खिरीचें. चाळीस वर्षें त्याच घरांत जेवून आम्हीं या नोंदी एकदांही वाचल्या नव्हत्या, हें कबूल करावयास आम्हांस लाज वाटते.

पाहुणीनें फोनवर त्यांतल्या कांहीं कन्येला वाचून दाखविल्या. पलीकडे बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग तिनें तीच प्रत मागितली, आणि आश्चर्य म्हणजे आमच्या कुटुंबानें ती द्यावयास साफ नकार दिला. “आतां नाहीं. माझें त्यांत बरेंच आहे.” शेवटीं असें ठरलें कीं नवी प्रत आणावी आणि समासांतल्या सर्व नोंदी आम्हीं, आमचें अक्षर बरें म्हणून, तींत उतरून द्याव्या.

पाहुणी हळद-बेदाणे घेऊन गेली. आम्ही रोज सकाळीं पांच-सहा पानें उतरितों. निम्म्यापर्यंत आल्यावर कुटुंबानें काम तपासलें व त्यांच्या ध्यानांत आलें कीं आम्हीं त्यांचें शुद्धलेखनही सुधारीत आलों आहों; ऱ्हस्वाचे दीर्घ, ‘निम्में’वर अनुस्वार, एके ठिकाणीं तर चक्क ‘खाल्लें’चें ‘भक्षिलें’. त्यांनीं खोडरबर आणून आमच्यापुढें ठेविलें. सध्यां आम्ही पहिल्या पानापासून पुन्हां सुरुवात केली आहे.