एसटीची फेरी ‘तोट्यात’ आहे हे ठरवतं कोण?

गावातली दुपारची गाडी बंद झाली की आगारातून ठरलेलं उत्तर येतं. ‘सदर फेरी तोट्यात असल्याने बंद करण्यात आली आहे.’ सरपंच कागद वाचतात, दोन दिवस चर्चा होते, मग वडाप सुरू होतं. तो तोटा मोजला कसा, हे मात्र कुणी विचारत नाही. मंडळी, सगळी गोम त्यातच आहे. थोडं गणित आहे, पण सोपं आहे. शेवटपर्यंत वाचा.

आपल्याकडे फेरीचा हिशेब साधारण किलोमीटरवर चालतो. एकूण खर्चाला एकूण धावलेल्या किलोमीटरने भागायचं आणि येईल तो दर सगळ्या फेऱ्यांना सारखाच लावायचा. फेरीचं प्रति किलोमीटर उत्पन्न त्यापेक्षा कमी आलं की ती तोट्यात. कारखान्यात परिव्यय काढायची जी जुनी पद्धत आहे, तीच ही. खर्च कशामुळे होतो ते बघायचं नाही, एकच माप धरायचं आणि सगळा वरखर्च त्या मापाने वाटून टाकायचा. चार मित्र हॉटेलात गेले, तिघांनी थाळी खाल्ली, एकाने नुसता चहा घेतला आणि बिल चारने भागलं, तसा प्रकार.

याच्या उलट जे आहे त्याला ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग म्हणतात. आपल्या भाषेत टीटीएमएम. ज्याने जे काम करायला लावलं, त्याच्या नावावर त्या कामाचा खर्च. १९८० च्या दशकात हार्वर्डचे रॉबर्ट कॅप्लन आणि रॉबिन कूपर यांनी हा विचार मांडून गाजवला. त्यांचं एक प्रसिद्ध उदाहरण जॉन डिअरच्या सुटे भाग बनवणाऱ्या अमेरिकेतल्या विभागाचं आहे. (हो, आपल्या सणसवाडीत ज्यांचा ट्रॅक्टरचा कारखाना आहे तेच.) या विभागाला मोठ्या संख्येने लागणाऱ्या भागांची कामं मिळेनात आणि किरकोळ संख्येच्या भागांची मात्र हमखास मिळायची. कारण हिशेबातच होतं. मशीन सेट करणं, माल हलवणं, ऑर्डरचे कागद करणं हा खर्च शंभर नग असोत की दहा हजार, दर खेपेला येतोच. जुन्या पद्धतीत तो मजुरी आणि मशीनच्या तासांवर वाटला जायचा. त्यामुळे मोठ्या ऑर्डरी उगाच महाग दिसायच्या आणि छोट्या उगाच स्वस्त.

आता आपल्या आगाराकडे येऊ. पुढचे आकडे हिशेब सोपा जावा म्हणून मी धरलेले आहेत, कुठल्या आगाराचे नाहीत.

समजा ४० गाड्यांचं आगार आहे. रोजचा खर्च ६ लाख, धाव १० हजार किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला ६० रुपये. आपल्या गावची जाऊन-येऊन फेरी ४० किलोमीटरची. खर्च २,४०० रुपये, उत्पन्न १,५०० रुपये. तोटा ९००. बंद करा!

थांबा. ते ६ लाख फोडून बघू. डिझेल, टायर, ऑइल यांचे २ लाख १० हजार, म्हणजे किलोमीटरला २१. हा खर्च खरोखर गाडी धावली की होतो. चालक-वाहकांच्या पगाराचेही २ लाख १० हजार. पण पगार किलोमीटरवर नसतो, तासांवर असतो. चालक-वाहकाच्या जोडीचे दिवसाला ६०० तास पगारी, म्हणजे तासाला ३५०. त्यातले रस्त्यावर फक्त ४०० तास. उरलेले २०० तास गाडी नादुरुस्त, नाहीतर पुढच्या फेरीची वाट बघण्यात. गाड्या आणि वर्कशॉपचे १ लाख. गाड्या दिवसाला मिळून ५०० तास चालू शकतात, तर तासाला २०० रुपये. चालतात ४०० तास. आणि बसस्थानक, कार्यालय वगैरेचे ८० हजार. दिवसाला ४०० वेळा गाडी सुटत असेल तर दर सुटण्याला २००.

आता आपली फेरी. ४० किलोमीटरचे ८४०. रस्ता खराब, दोन तास लागतात, म्हणून पगाराचे ७००. गाडीचे ४००. स्थानकाचे २००, तेही एकाच टोकाला, कारण आपल्या टोकाला स्थानक नाहीच, लिंबाचं झाड आहे. एकूण २,१४०. तोटा ९०० नाही, ६४०.

तोटा आहेच, तो मी लपवत नाही. उलट एक गोष्ट स्पष्ट सांगतो. खराब रस्त्यावर हळू चालणारी फेरी किलोमीटरमागे पगार जास्त खाते, आणि या पद्धतीत ते उघड दिसतं. ही काही गावाच्या बाजूने झुकवलेली पद्धत नाही. एखाद्या फेरीचा तोटा या हिशेबात वाढूनही निघेल.

पण ते रिकामे २०० तास आणि गाड्यांचे न वापरलेले १०० तास? त्यांचे होतात दिवसाला ९० हजार रुपये. जुन्या पद्धतीत ते गुपचूप सगळ्या फेऱ्यांच्या डोक्यावर बसतात, आणि जी फेरी आधीच कमजोर, ती बुडते. नव्या पद्धतीत ते वेगळ्या खान्यात दिसतात, न वापरलेली क्षमता म्हणून. तो खर्च आपल्या गावच्या म्हातारीचा नाही. वेळापत्रकाचा आहे, सुट्या भागांअभावी उभ्या असलेल्या गाडीचा आहे.

आता फेरी बंद केली तर काय वाचतं बघा. ८४० रुपये. बस्स. चालक-वाहकाचा पगार चालूच, गाडी आगारात उभी, स्थानक जागेवर. आणि गेलं काय? १,५०० रुपये उत्पन्न. म्हणजे ‘तोट्यातली’ फेरी बंद करून एसटी रोज ६६० रुपये जास्त गमावते. ती गाडी आणि ती माणसं लगेच दुसऱ्या चांगल्या फेरीवर लावली तर गोष्ट वेगळी, पण तसं केलं का, हे त्या पत्रात कधी लिहिलेलं असतं? शिवाय उरलेला खर्च आता कमी किलोमीटरवर वाटला जाणार, दर ६० च्या वर सरकणार, आणि काल काठावर असलेली शेजारच्या गावची फेरी उद्या तोट्यात जाणार. मग तीही बंद. आधी दुपारची, मग सकाळची, मग मुक्कामी गाडी.

यात जातं कोण? ज्याच्याकडे मोटारसायकल आहे तो जात नाही. अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासवर शाळेत जाणारी पोरगी जाते. फेरी नाही तर त्या पासचं काय करायचं? २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. सवलती झकास आहेत, पण गाडी आली तर.

कुणी म्हणेल, एवढा हिशेब ठेवणार कोण? आक्षेप खरा आहे. कित्येक कंपन्यांनी ही पद्धत किचकट म्हणून सोडून दिली. म्हणून तर कॅप्लननेच २००४ मध्ये स्टीव्हन अँडरसनबरोबर सुटसुटीत आवृत्ती मांडली. प्रत्येक कामाला किती वेळ लागतो आणि त्या वेळेचा दर काय, एवढंच धरायचं. एसटीकडे वेळापत्रक आहे, ड्यूटीची नोंद आहे, वाहकाच्या हातात तिकिटाचं मशीन आहे. किराणा दुकानदाराकडेही एवढी माहिती नसते.

आणि खरा तोटा ६४० निघाला, तर तो सरकारकडे उघड मागता येतो. या गावाला गाडी हवी, त्याचे रोज ६४० लागतात, द्या. सगळ्या गावांचा मिळून ‘एसटी तोट्यात’ असा एकच ढोबळ आकडा घेऊन गेलं की हाती फक्त उपदेश पडतो.

तेव्हा पंचायत समितीच्या आमसभेत किंवा आगार व्यवस्थापकांना भेटाल तेव्हा तीन गोष्टी लेखी विचारा. आमच्या फेरीचा खर्च सरासरी दराने काढला की तिच्या वेळेवरून आणि डिझेलवरून? बंद केल्यापासून ती गाडी आणि चालक-वाहक कुठे आहेत? आणि पासवाली पोरं त्या फेरीच्या उत्पन्नात धरली होती का? उत्तर नाही मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपये लागतात.

तुमच्या गावची कुठली फेरी बंद झाली, कधीपासून आणि कारण काय सांगितलं, ते खाली लिहा. यादी करून एकत्रच देऊ.