टोकन देण्याआधी सिबिल पाहा, नकाराचे कारण लेखी मागा

बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर स्थानकांबाहेरच्या खांबांवर हल्ली एक जाहिरात चिकटवलेली दिसते. ‘सिबिल खराब? आठ दिवसांत दुरुस्त. घरकर्ज हमखास.’ खाली पत्ता नाही, फक्त मोबाइल क्रमांक. एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात नोकरी करून मी निवृत्त झालो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, या मंडळींनी पाच-दहा हजार घेऊन करण्यासारखे यात काहीच नाही. कर्जफेडीची चुकीची नोंद दुरुस्त करायला ग्राहकाला पैसे पडत नाहीत आणि खरी नोंद कोणालाही पैसे देऊन पुसता येत नाही.

आमच्या शेजारचा मुलगा अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत कामाला आहे. बदलापुरात वन बीएचके पसंत पडला, सुट्टीच्या दिवशी साइट ऑफिसात एक्कावन्न हजारांचे टोकन दिले आणि मग बँकेत गेला. ‘सिबिल कमी आहे, सिस्टीम घेत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. तो खांबावरच्या क्रमांकाकडे गेला आणि तिथेही पैसे गेले. शेवटी आम्ही दोघांनी त्याचा अहवाल काढून ओळ न् ओळ वाचला. पाच वर्षांपूर्वी हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलचा अकराशे रुपयांचा शेवटचा हप्ता थकीत दिसत होता. मधल्या काळात बँक खाते बदलले होते आणि कर्ज फिटले, अशी त्याची समजूत होती. त्याने पैसे भरून कर्ज संपल्याचा दाखला घेतला. नोंद सुधारली, पण सिबिलचा गुणांक वर यायला काही महिने गेले. तोवर तो फ्लॅट हातचा गेला आणि टोकनमधूनही कपात झाली.

चूक त्याचीच होती, हे मान्य. पण अहवाल आधी पाहिला असता, तर अकराशे रुपयांत भागले असते. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की आपल्याकडे क्रम उलटा झाला आहे. आधी टोकन, मग बँक आणि सगळ्यात शेवटी सिबिल. हा क्रम सुलटा केला, तर निम्मे लोक या दलालांच्या दारात जाणार नाहीत.

वनस्पती तुपाला आपण सरसकट डालडा म्हणतो, तसे ३०० ते ९०० मधल्या या गुणांकाला सिबिल म्हणतो. प्रत्यक्षात असा गुणांक देणाऱ्या ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत. प्रत्येकीकडून वर्षातून एक संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. रिझर्व्ह बँकेने २०१७ पासून ही सोय करून दिली आहे. स्वतःचा अहवाल पाहिला म्हणून गुणांक घटत नाही. घटतो तो एकाच आठवड्यात पाच बँकांत अर्ज टाकल्याने. घाईतला एजंट नेमके तेच करतो.

अहवालात चुकीची नोंद असेल तर तक्रार करावी. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. कर्जदात्या संस्थांना जानेवारी २०२५ पासून किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे दुरुस्ती पूर्वीपेक्षा लवकर दिसते. नोंद खरी असेल तर मात्र थकबाकी भरणे आणि पुढचे सहा-आठ महिने एकही हप्ता न चुकवणे, हाच उपाय. क्रेडिट कार्डाच्या मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त खर्च करू नये. वसुलीवाला ‘निम्मे भरा, सेटल करतो’ म्हणाला, तर अहवालावर ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ असा शिक्का राहील, हे जाणूनच हो म्हणावे. कोणाला जामीन राहिला असाल तर ते कर्जही तपासा. मेहुण्याने थकवलेला हप्ता तुमच्या नावावर दिसू शकतो.

हे दुर्लक्ष किती महाग पडते? २५ लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी मिळाले, तर हप्ता सुमारे २१,७०० रुपये बसतो. कमी गुणांकामुळे तेच साडेनऊने घ्यावे लागले, तर सुमारे २३,३००. महिन्याला सोळाशेचा फरक वीस वर्षांत पावणेचार लाखांवर जातो. एवढ्यासाठी सहा महिने भाड्याच्या घरात थांबणे परवडते.

काही जण म्हणतील, हे सिबिलच रद्द करा. मे २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी पीककर्जासाठी सिबिलची सक्ती करणाऱ्या बँकांना दम भरला, ते योग्यच झाले. पाऊस शेतकऱ्याच्या हातात नसतो. पण वीस वर्षांच्या घरकर्जाला मागची परतफेड पाहूच नका, असे म्हणणे मला पटत नाही. ते पैसे शेवटी ठेवीदारांचे असतात. माझा आक्षेप गुणांकावर नाही, त्याच्या आड लपण्यावर आहे.

कारण ‘सिबिल कमी’ हे आता शाखेतले सोयीचे उत्तर झाले आहे. उल्हासनगरचे घ्या. निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या या शहरातल्या अनधिकृत इमारती नियमित करण्यासाठी राज्याने २००६ मध्ये स्वतंत्र कायदा केला, तरी कितीतरी इमारतींची कागदपत्रे आजही अपुरी आहेत. तिथे फाइल अडते ती मालकीची सनद किंवा मंजूर नकाशा नाही म्हणून. माणूस मात्र सिबिल सुधारत बसतो. अंबरनाथच्या कंत्राटी कामगाराचा पगार दहा तारखेला होतो आणि हप्ता पाच तारखेला कापला जातो. त्याचा हप्ता दर महिन्याला परत जातो तो ऐपत नाही म्हणून नव्हे, तारीख चुकीची आहे म्हणून. आयुष्यभर भिशी आणि पतपेढीवर भागवलेल्या बाईची तर अहवालात बहुधा नोंदच नसते. तिला नोंद नाही, म्हणजे तिची पत वाईट असे होत नाही. पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याचा अर्ज केवळ मागची नोंद नाही म्हणून नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत सांगितले आहे. या तिघांचे दुखणे वेगळे, औषध वेगळे आणि शाखेचे उत्तर मात्र एकच.

कर्ज नाकारण्याची मुख्य कारणे लेखी कळवावीत, हे रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच सर्व प्रकारच्या कर्जांना लागू केले आहे. तसे पत्र हातात पडलेला माणूस मला या भागात क्वचितच भेटला. ते मिळाले, तर सुधारायचे काय, गुणांक, हप्त्याची तारीख की इमारतीचे कागद, हे त्याला कळेल आणि खांबावरच्या क्रमांकाची गरज उरणार नाही.

म्हणून तिन्ही शहरांतल्या शाखा व्यवस्थापकांना विनंती, की नकार तोंडी देऊ नका. बांधकाम व्यावसायिकांना विनंती, की कर्जाची पात्रता पाहिल्याशिवाय टोकन घेऊ नका. घर घेऊ पाहणाऱ्यांनी या दसऱ्याला टोकन द्यायचे ठरवले असेल, तर आजच आपला अहवाल काढावा. आणि संपादक महोदय, ‘आठ दिवसांत सिबिल दुरुस्त’ ही जाहिरात आपल्या छोट्या जाहिरातींच्या रकान्यासाठी आली, तर ती परत पाठवावी.

— एक निवृत्त बँक कर्मचारी, कात्रप, बदलापूर (पूर्व)