सिंहस्थाच्या गर्दीत नाक टोचून घेण्याआधी

देवळाली कॅम्पात नाक टोचायचे म्हणजे सोनाराकडे जायचे आणि नाकपुडीच्या मऊ भागात तार घालून यायचे, एवढेच आजवर ठाऊक होते. आता मुलामुलींना मधल्या पडद्यात कडी हवी असते, नाहीतर नाकपुडीच्या वरच्या बाजूला खडा. त्यात 31 ऑक्टोबर 2026 ला सिंहस्थाचे ध्वजारोहण ठरले आहे आणि मुख्य स्नाने 2027 मध्ये आहेत. मेळा म्हटला की गोंदणारे, टोचणारे आलेच.

फॅशनला माझा विरोध नाही. पडद्यातली बुलाक राजस्थान, हिमाचलात जुनीच आहे. प्रश्न जागेचा आहे. पडद्याच्या पुढच्या टोकाला कूर्चेच्या अलीकडे त्वचेची एक पातळ, मऊ पट्टी असते. जाणकार तिथेच सुई घालतो. सुई कूर्चेत गेली तर धोका वाढतो, कारण कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचे पोषण वरच्या आवरणातून होते. आवरणाखाली रक्त किंवा पू साचला तर काही दिवसांत कूर्चा मरते आणि नाक मधोमध खचते. वरच्या खड्याची सुई तर कूर्चेतूनच जाते. तेव्हा टोचणाऱ्याला आधी विचारा, 'सुई नेमकी कुठून जाणार?' उत्तर गुळमुळीत आले तर उठून या.

टोचायची बंदूक नाकाला नकोच. ती नीट निर्जंतुक होत नाही आणि कूर्चा चिरडते. एकदाच वापरायची पोकळ सुई तुमच्यासमोर पाकीट फोडून काढलेली हवी. सुई दुसऱ्याची असेल तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची भीती असते. हिपॅटायटिस बीची लस देशभरातल्या बाळांच्या लसीकरणात 2011 च्या सुमारास आली. त्याआधी जन्मलेल्यांनी तिचे 3 डोस झालेत का ते पाहावे. धनुर्वाताचे इंजेक्शनही तपासा. दागिना टायटॅनियमचा किंवा चांगल्या सोन्याचा घ्या, कारण स्वस्त धातूतल्या निकेलने अनेकांना खाज आणि चिघळ येते.

आता गोदास्नानाचे. पडद्याची जखम भरायला 2 ते 3 महिने लागतात, वरच्या खड्याची 6 महिने ते वर्ष. तोवर नदीत डोके बुडवू नका. म्हणजे स्नानाला जायचे असेल तर टोचणे नंतर. स्वच्छतेला मेडिकलमधले सलाईन पुरते. हळद, टूथपेस्ट लावू नका आणि कडी फिरवत बसू नका.

मधुमेह आटोक्यात नसेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हृदयाच्या झडपेचा आजार असेल किंवा जखमेचे वण गाठीसारखे वाढत असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला. टोचल्यावर 12 महिने रक्तदान करता येत नाही, हेही घरात सांगून ठेवा.

नाक दोन्ही बाजूंनी बंद झाले, ठणका लागला, ताप आला किंवा डोळ्याभोवती सूज आली, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. पू दाबून काढू नका, कारण इथल्या शिरा मेंदूकडच्या शिरांना जोडलेल्या असतात. कडीही स्वतः काढू नका, भोक मिटून पू आतच अडकतो.