पुस्तकांचाही दसरा काढा

दसरा जवळ आला की आपल्या बेळगाव भागात घरोघरी एकच धांदल उडते. गोधड्या, वाकळा, चादरी धुवायला निघतात, माळ्यावरची भांडी खाली येतात, कोपऱ्याकोपऱ्यातली जळमटे झाडली जातात. याला आपण 'दसरा काढणे' म्हणतो. या झाडाझडतीतून घरातली एकच गोष्ट सहीसलामत सुटते. ती म्हणजे अभ्यासाच्या खोलीतले पुस्तकांचे कपाट. खंडेनवमीला त्यातली चार पुस्तके पाटावर येतात, त्यांना हळदकुंकू व झेंडूची फुले वाहिली जातात आणि दसरा झाला की ती होती तिथे परत जातात. बाकीची पुस्तके जागची हलतही नाहीत.

हे कपाट कसे दिसते, ते वाचकांना वेगळे सांगायला नको. पुढे एक रांग, तिच्या मागे दुसरी रांग. दोन्ही रांगांच्या डोक्यावर आडवी घातलेली पुस्तके. कपाटावर सुतळीने बांधलेले दिवाळी अंक, टेबलाखाली परीक्षेची जुनी गाइडे, आणि ज्यांना कुठेच जागा नाही अशी पुस्तके खिडकीत. खोलीत कुणी पाहुणा डोकावला की घरमालक ओशाळतो. मग शोभेचे उपाय सुरू होतात. कुणी कपाटाला पडदा लावतो, कुणी काचेची दारे बसवतो, तर कुणी सुताराला बोलावून आणखी एक कपाट करून घेतो. हल्ली पुस्तके रंगांप्रमाणे लावण्याची टूम निघाली आहे. लाल पुस्तके एकीकडे, निळी एकीकडे, म्हणजे फोटोत छान दिसते. पण तांबड्या पुठ्ठ्याचे व्याकरण तांबड्या पुठ्ठ्याच्या पाकशास्त्राशेजारी जाऊन बसले, तर हवे तेव्हा ते सापडायचे कसे?

माझे म्हणणे थोडक्यात असे की, पुस्तकांचे कपाट कुरूप दिसते ते पुस्तके जास्त झाल्यामुळे कमी आणि त्यांच्यापर्यंत हात पोचेनासा झाल्यामुळे अधिक. ज्या कपाटातले प्रत्येक पुस्तक दिसते आणि एका हाताने काढता येते, ते कपाट साध्या आंब्याच्या फळ्यांचे असले तरी नजरेला बरे वाटते. उलट सागवानी कपाटात दुहेरी रांगा कोंबल्या की त्याची वखार होते. तेव्हा शोभा हवी असेल तर सुरुवात वापरापासून करावी लागेल.

आधी या दुहेरी रांगेचे मूळ पाहू. आपली कपाटे मुळात कपड्यांसाठी आणि भांड्यांसाठी घडवलेली असतात. त्यांची खोली फूट-दीड फूट असते. मराठी पुस्तक बहुधा डेमी आकाराचे, म्हणजे साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच. ते दीड फूट खोल फळीवर ठेवले की मागे फूटभर जागा रिकामी राहते, आणि रिकामी जागा दिसली की तीत काही ठेवल्यावाचून आपल्याला चैन पडत नाही. पुस्तकांच्या फळीला आठ-नऊ इंच खोली पुष्कळ झाली. कपाट आधीच खोल असेल तर फळीवर मागच्या बाजूला एक आडवी लाकडी पट्टी ठोकावी आणि पुस्तके तिला टेकवून कडेच्या एक बोट आत, एका रेषेत उभी करावीत. तेवढ्यानेही निम्मा पसारा आवरल्यासारखा दिसतो. मागे मोकळी राहिलेली जागा वाया गेली असे समजू नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंती पाझरतात, हवा दमट राहते. अशा हवेत मागच्या रांगेतल्या पुस्तकांना आधी बुरशी धरते आणि मग कसर लागते. वेखंडाचे तुकडे आणि कडुलिंबाचा पाला ठेवण्याची जुनी रीत चांगली आहे, परंतु पुस्तकामागे खेळणारी हवा आणि अधूनमधून फिरणारा माणसाचा हात यांच्याइतकी राखण कुणी करीत नाही.

दुसरी गोष्ट वाकलेल्या फळ्यांची. फूटभर रांगेतल्या पुस्तकांचे वजन सात ते दहा किलो सहज भरते. चार फुटांच्या अखंड फळीवर तीस-चाळीस किलोंचा भार आला की ती मध्ये झोल खाते आणि सगळी पुस्तके मध्याकडे कलंडतात. आपल्या शास्त्र शाखेच्या विद्यार्थ्यांना यातले गणित ठाऊक आहे. जाडी तीच आणि दर फुटाचे वजनही तेच ठेवून दोन टेकूंमधले अंतर दुप्पट केले, तर फळी दुपटीने नव्हे, सोळापटीने वाकते. म्हणून चार फुटांच्या फळीला मध्ये एक उभा टेकू दिला की काम भागते. नवी फळी करायचीच असेल तर अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंच जाडीची घ्यावी. तेवढ्या फरकाने वाक एक तृतीयांशाहूनही कमी उरतो. यात सुताराचा एका दिवसाचा रोजगार जाईल, पण काचेच्या दारांपेक्षा तो स्वस्त पडेल.

एवढे केल्यावर खरी अडचण पुढे येते. दोन रांगांची एक रांग केली, तर उरलेली निम्मी पुस्तके ठेवायची कुठे? येथे बहुतेकांचा धीर सुटतो. 'पुस्तक म्हणजे सरस्वती, तिला घराबाहेर कसे काढायचे?' असा प्रश्न येतो. भावना मोलाची आहे. पण तिच्या पोटी आपण सरस्वतीला दहा-दहा वर्षे अंधारात, धुळीत उभी करून ठेवतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

या ठिकाणी ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांची आठवण होते. हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. पुस्तके वापरासाठी असतात, हा त्यांतला पहिला नियम. ऐकायला किती साधा! पण त्याच्यामागे शतकांचा इतिहास आहे. मध्ययुगात युरोपातल्या ग्रंथालयांत पुस्तके साखळदंडांनी फळीला जखडून ठेवीत. इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये अशी पुस्तके आजही पाहायला मिळतात. साखळी पुठ्ठ्याच्या पुढच्या कडेला अडकवलेली असल्याने पुस्तकांचे कणे आत आणि पाने बाहेर, अशी ती उभी राहत. तिथे निदान पुस्तक जागेवर बसून वाचण्याची सोय होती. आपल्या दुहेरी रांगेला साखळी नाही, पण मागच्या रांगेतले पुस्तक बाहेर काढायला पुढची वीस पुस्तके हलवावी लागतात. मग 'असू दे, नंतर पाहू' म्हणून आपण परत फिरतो. वाचकाचा वेळ वाचवावा, हाही रंगनाथनांचा एक नियम होता आणि ग्रंथालय ही वाढती गोष्ट आहे, हा शेवटचा. म्हणूनच चांगल्या ग्रंथालयात प्रत्येक फळीच्या शेवटी थोडी जागा मोकळी सोडलेली असते. घरातही दर फळीवर वीतभर जागा रिकामी ठेवावी. नव्या पुस्तकाला उभे राहायला ती लागते आणि डोळ्यालाही तेवढाच विसावा मिळतो.

आता मागच्या रांगेत कोणती पुस्तके जातात, ते पाहा. माझ्या मते या लेखातला मुख्य मुद्दा हाच आहे. आपल्या सीमाभागातल्या अनेक घरांत आजोबांच्या पिढीने मराठी आणि कन्नड दोन्ही वाचले. एकाच ट्रंकेत तुकारामांची गाथा असे आणि बसवण्णांची वचनेही असत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, सीमेचा वाद सुरू झाला आणि घरोघरी मुलांच्या शाळेचे माध्यम हा चिंतेचा विषय झाला. पुढे नातवंडे इंग्रजी शाळेत गेली. त्याचा ठसा कपाटावर उमटला. डोळ्यांसमोरच्या फळीवर इंग्रजी, तिच्याखाली जी भाषा घरात वाचली जाते ती, आणि मागच्या रांगेत दुसरी भाषा. मराठी घरात कन्नड पुस्तके मागे गेली, कन्नड घरात मराठी मागे गेली. रद्दीवाला दारात आला की मागची रांग आधी जाते. चौकातल्या पाट्यांवरून आपण हमरीतुमरीवर येतो. परंतु घरातली एक भाषा किलोच्या भावाने तराजूत पडते, तेव्हा कुणी चकार शब्द काढीत नाही.

म्हणून कपाट आवरताना भाषा पाहून पुस्तक काढू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. निवड कशी करावी? सोपी रीत अशी : सगळी पुस्तके जमिनीवर काढावीत आणि त्यांचे चार ढीग करावेत. पहिला ढीग रोजच्या उपयोगाच्या आणि पुन्हा पुन्हा वाचाव्याशा वाटणाऱ्या पुस्तकांचा. दुसरा, वाचले जात नसले तरी ज्यावर घराची खूण आहे अशा पुस्तकांचा. ज्याच्या पानांवर आजीच्या हातची टिपणे आहेत, ज्यात मोडीतला एखादा कागद घडी घालून ठेवला आहे, असे पुस्तक घरातच राहावे. तिसरा ढीग कालबाह्य झालेल्या पुस्तकांचा. जुन्या अभ्यासक्रमाची गाइडे, २०१७ साली वस्तू व सेवा कर येण्यापूर्वीची विक्रीकराची पुस्तके, यांना खुशाल रद्दीत जाऊ द्यावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, म्हणून भारतीय दंड संहितेची पुस्तकेही यात टाकावीत काय? वकिलाने टाकू नयेत, कारण त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच कायद्याने चालतात. इतरांना मात्र त्यांचा उपयोग नाही. पुस्तक एकच असले तरी एका घरात ते हत्यार असते आणि दुसऱ्या घरात ओझे.

चौथा ढीग सर्वांत महत्त्वाचा : पुस्तके चांगली आहेत, पण या घरात ती आता कुणी वाचणार नाही. यांची जागा रद्दीत नाही आणि मागच्या रांगेतही नाही. दुसऱ्या कुठल्या तरी घरात त्यांचा वाचक बसलेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत दादरला 'राजगृह' बांधले, ते ग्रंथांना पुरेशी जागा मिळावी म्हणून. ग्रंथांवर त्यांच्याइतके प्रेम क्वचितच कुणी केले असेल. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि बाबासाहेबांचा ग्रंथसंग्रह त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विद्यार्थ्यांपर्यंत पोचला. पुस्तकासाठी घर बांधणाऱ्यालाही पुस्तक घराबाहेर गेल्याने उणेपणा येत नाही, मग आपल्याला का यावा?

जी पुस्तके घरात राहतील ती भाषेप्रमाणे न लावता विषयाप्रमाणे लावावीत, असे मी सुचवीन. एस. एल. भैरप्पांची कन्नड 'वंशवृक्ष' आणि उमा कुलकर्णी यांनी केलेला तिचा मराठी अनुवाद शेजारी शेजारी उभे राहू देत. या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला आहे. मुलाने मराठी प्रत काढली तर शेजारच्या कन्नड प्रतीला त्याचा हात लागेलच, आणि लिपी येत नसली तरी हे त्याच गोष्टीचे दुसरे रूप आहे एवढे त्याला समजेल. दोन लिप्यांचे कणे एका रांगेत शोभत नाहीत, असे कुणी म्हणेल. ज्यांच्या बाजारात, बसमध्ये आणि स्वयंपाकघरात दोन्ही भाषा रोज मिसळतात, त्यांच्या कपाटात त्या वेगळ्या राहाव्यात यात कसली शोभा? राहता राहिली वर्तमानपत्राची वेष्टणे. ती एकतर काढून टाकावीत किंवा त्यांच्या कण्यावर ठळक अक्षरांत पुस्तकाचे नाव लिहावे. बिननावाच्या पुस्तकांची रांग कुणालाच बोलावीत नाही.

चौथ्या ढिगाचे काय करायचे, याचे उत्तर एकेका घराला देता येणार नाही. ग्रंथालयांत पोती नेऊन ओतणे हा काही दानधर्म नव्हे. त्यांच्याकडेही जागा अपुरी असते. त्यांना आधी यादी द्यावी आणि हवी तेवढीच पुस्तके त्यांनी निवडावीत. आपल्या महाविद्यालयाला मात्र येथे एक चांगले काम करता येईल. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणवले आणि त्या संस्थानात पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. एका गावाने पेटी वाचून संपवली की ती पुढच्या गावी जाई. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी दसऱ्याआधी घरोघरच्या चौथ्या ढिगांच्या याद्या कराव्यात आणि निवडक पुस्तकांच्या अशाच दोन-तीन पेट्या तयार कराव्यात. प्रत्येक पेटीत मराठी आणि कन्नड दोन्ही पुस्तके असावीत. जिथे शिबिर भरते त्या गावच्या शाळेत पेटी ठेवावी आणि पुढल्या वर्षी ती पुढच्या गावी न्यावी. खर्च पेट्यांचा आणि वाहनाचा, तो काही फार नाही. या अंकाच्या मराठी आणि कन्नड दोन्ही विभागांच्या संपादकांनी मिळून हे काम मनावर घेतले, तर येत्या खंडेनवमीपूर्वी पहिली यादी तयार व्हायला हरकत नाही.