आधी फायबर काढा, मग सही करा

फायरवॉल बसली, दोन्ही लाइन लागल्या, सगळ्या टेबलांवर नेट चालू झालं. एजन्सीचा माणूस काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही मागतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे, ही सही लगेच देऊ नका. पहिल्या लाइनच्या ओएनटीतून (फायबर ज्या डब्यात येऊन संपते तो) फायबर काढायला लावा आणि तेवढ्यात ऑफिसचं काम अडतं का ते बघा. (काढलेल्या टोकात डोकावून पाहू नका, त्यातला प्रकाश दिसत नसला तरी डोळ्याला घातक ठरू शकतो.)

काढायची ती फायबरच. पुष्कळ ठिकाणी ओएनटी आणि फायरवॉल यांच्यामधली केबल काढून चाचणी आटोपतात. ती निघाली की पोर्टवरचा दिवा विझतो, लाइन गेल्याचं फायरवॉलला तत्क्षणी कळतं आणि नेट दुसऱ्या लाइनवर जातं. रस्त्यावर जेसीबीने फायबर तोडली की मात्र चित्र वेगळं असतं. ओएनटी चालू, आतली केबल शाबूत, पोर्टवर हिरवा दिवा, आणि बाहेर काहीच जात नाही. अशा वेळी फायरवॉलला लाइन मेल्याचं कळायचं कसं? ती ठरावीक पत्त्यावर पिंग पाठवत राहते, उत्तर आलं नाही की लाइन बाद धरते. पीएफसेन्स या फायरवॉलमध्ये आपण काही बदललं नाही, तर हा पत्ता गेटवेचाच असतो. ओएनटी राउटर मोडमध्ये असेल तर गेटवे म्हणजे तीच ओएनटी. ती शेजारी बसून इमानदारीने उत्तर देत राहते, आणि पैसे भरून घेतलेली दुसरी लाइन नुसती पडून राहते. म्हणून तपासणीचा पत्ता बाहेरचा हवा, 8.8.8.8 किंवा 1.1.1.1 सारखा, आणि फायरवॉलमध्ये सोय असेल तर दोन.

लाइन गेल्याचं फायरवॉलला कळावं म्हणून दुसरा मार्ग ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकून पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड फायरवॉलमध्येच भरण्याचा. मला तो अधिक पसंत आहे. मात्र पीपीपीओई 8 बाइट खातं, त्यामुळे एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, 1500 वरून 1492 वर येतो. काही साइट उघडतात, काही नुसत्या फिरत राहतात, अशी तक्रार आली तर आधी हा आकडा बघावा.

नेट दुसऱ्या लाइनवर गेलं म्हणजे काम चाललं असंही नाही. बँकेने किंवा एखाद्या पोर्टलने तुमचा पहिल्या लाइनचा स्टॅटिक आयपी नोंदवून घेतलेला असतो, दुसऱ्या पत्त्यावरून आलात तर दार बंद. स्वस्त ब्रॉडबँडवर पत्ता बऱ्याचदा 100.64 ते 100.127 या पट्ट्यातला मिळतो. तो अनेक ग्राहकांत वाटलेला, बाहेरून तुमच्यापर्यंत पोचता येत नाही. मग शाखेचा व्हीपीएन मुख्य कार्यालयाला सापडत नाही. दोन्ही लाइनवर भार वाटून दिला तर बँकेचं लॉगिन मधेच तुटण्याचा त्रास होतो. बँकिंग एकाच लाइनवर बांधून ठेवावं आणि ती गेली तरच दुसरी वापरावी. त्या दुसऱ्या लाइनलाही स्टॅटिक आयपी घ्या आणि बँकेत तोही आधीच नोंदवा. खर्च वाढतो, पण तो करावा.

मला खरी चीड येते ती पुढच्या प्रकाराची. लाइन जाते, फायरवॉल लाइन बदलत नाही, साहेब ओरडतात, आणि कोणीतरी दुसऱ्या लाइनची केबल थेट स्विचमध्ये खोचतो. ‘तात्पुरतं’ म्हणून. ते महिनोन्‌महिने तसंच राहतं. पतसंस्थेचे खातेदार, दवाखान्याचे पेशंट यांची माहिती असलेली यंत्रं त्या दिवसापासून फायरवॉलला वळसा घालून बाहेर जातात, आणि फायरवॉलमध्ये त्याची नोंदही उरत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग 180 दिवस जपायचे असतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायची असते. जो ट्रॅफिक फायरवॉलमधून गेलाच नाही, त्याचा लॉग आणणार कुठून?

सही करण्याआधी आणखी दोन गोष्टी विचारा. नव्या लाइनच्या पोर्टवर फायरवॉलचं लॉगिन पान बाहेरून उघडतं का? मोबाइलचा डेटा चालू करून, ऑफिसचं वायफाय बंद ठेवून त्या लाइनचा पत्ता टाकून पाहता येतं. उघडलं तर ते तिथल्या तिथे बंद करून घ्या. आणि दोन्ही कंपन्यांच्या फायबर इमारतीत कुठून शिरतात? एकाच खांबावरून येत असतील, तर दुसरी लाइन वायरलेसची मागा.