नाताळपुरता उरवलेला बिंग क्रॉस्बी

१/ दर डिसेंबरात बिंग क्रॉस्बीचे ‘व्हाइट ख्रिसमस’ जगभर वाजते आणि जानेवारी उजाडताच त्याचे नाव पुन्हा अडगळीत जाते. अमेरिकी लोकप्रिय संगीताची कथा मग फ्रँक सिनात्रापासून किंवा थेट एल्विसपासून सांगितली जाते. हा इतिहास अर्धवट आहे. तरुणपणी सिनात्राचाच आदर्श क्रॉस्बी होता, एवढी एक गोष्टही तो उघडा पाडायला पुरेशी आहे.

२/ १९२५ पूर्वी गायक भोंग्यासमोर उभा राहून गात असे. आवाजाच्या जोरावरच तबकडीवर रेघ उमटे. म्हणून खणखणीत आवाज हीच गायकाची कसोटी ठरली. विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि मायक्रोफोन कुजबुजही टिपू लागला. १९२६ साली पॉल व्हाइटमनच्या वाद्यवृंदात दाखल झालेला क्रॉस्बी या नव्या काळाचा गायक होता.

३/ मायक्रोफोनजवळ हळुवार गाण्याच्या या रीतीला ‘क्रूनिंग’ म्हणत. जीन ऑस्टिन आणि रूडी व्हॅली क्रॉस्बीच्या आधी तसे गात होते. क्रॉस्बीने त्यात लुई आर्मस्ट्राँगकडून घेतलेली जॅझची लय मिसळली. शब्द तालाच्या किंचित मागे-पुढे सोडण्याची त्याची लकब ऐकणाऱ्याला सहज बोलण्यासारखी वाटे.

४/ प्रतिष्ठितांना हे रुचले नाही. १९३२ मध्ये बोस्टनचे कार्डिनल ओ’कॉनेल यांनी क्रूनिंग हे अधःपतनाचे लक्षण ठरवून त्याचा जाहीर धिक्कार केला. ‘मायक्रोफोन ही दुबळ्या आवाजाची कुबडी’ हा आक्षेप तर अजूनही ऐकू येतो.

५/ वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मोठ्या आवाजाच्या दणक्यात बरेच दोष झाकले जातात; मायक्रोफोन श्वास, उच्चार आणि शब्दाचा शेवट, सारे उघडे पाडतो. तिथे निभावून नेणे ही स्वतंत्र विद्या होती.

६/ हाच संयम पडद्यावरही दिसतो. ‘गोइंग माय वे’ (१९४४) मधील पाद्र्याच्या भूमिकेसाठी त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. ‘द कंट्री गर्ल’ (१९५४) मध्ये त्याने मद्याच्या आहारी गेलेला, खचलेला कलावंत रंगवला आणि पुन्हा नामांकन मिळवले. त्याला ‘अभिनय करणारा गायक’ म्हणून निकालात काढणाऱ्यांनी हा चित्रपट पाहावा.

७/ सर्वांत दुर्लक्षित प्रकरण टेपचे. रेडिओचे कार्यक्रम तेव्हा थेट प्रसारित होत; क्रॉस्बीला ते आधी मुद्रित करायचे होते. एनबीसी राजी होईना, म्हणून १९४६ मध्ये तो एबीसीकडे गेला. जॅक मलिन या अभियंत्याने युद्धानंतर जर्मनीहून चुंबकीय टेपची यंत्रे आणली होती. १९४७ पासून क्रॉस्बीचा कार्यक्रम टेपवर तयार होऊ लागला.

८/ अँपेक्स या छोट्या कंपनीत त्याने ५०,००० डॉलर घातले. लेस पॉललाही त्याने अँपेक्सचे यंत्र भेट दिले. त्यावर पॉलने एकावर एक आवाज चढवण्याचे प्रयोग केले. कापणे, जोडणे, थर चढवणे ही आजच्या स्टुडिओची रोजची कामे आहेत.

९/ त्याची बाजू घेताना त्याचे डाग पुसायचे नाहीत. ‘पेनीज फ्रॉम हेवन’ (१९३६) मध्ये आर्मस्ट्राँगला श्रेयनामावलीत ठळक स्थान मिळावे असा आग्रह त्याने धरला. पण ‘हॉलिडे इन’ (१९४२) मध्ये तोच क्रॉस्बी चेहऱ्याला काळा रंग फासून नाचला-गायला. ‘व्हाइट ख्रिसमस’ याच चित्रपटातून पडद्यावर आले. ज्या कृष्णवर्णीयांच्या संगीतावर त्याची गायकी उभी होती, त्यांचीच ही थट्टा होती. ‘तो काळच तसा होता’ असे म्हणून ती माफ होत नाही.

१०/ आणि ते प्रसिद्ध गाणे? १९४२ च्या मुद्रणाची मूळ प्रत इतक्यांदा वापरली गेली की ती झिजली आणि १९४७ मध्ये क्रॉस्बीला तेच गाणे पुन्हा गावे लागले. आज बहुधा ही दुसरी आवृत्तीच वाजते. कानाशी बोलल्यासारखे गाणारा आजचा प्रत्येक गायक त्याच्या वाटेवरून चालतो, मग त्याला ते ठाऊक असो वा नसो. अशा माणसाला वर्षातल्या एका महिन्यापुरते उरवणे हा इतिहासाचा आळस आहे.